घाम नसलेला उन्हाळा

मे महिन्यातली दुपार, त्यात वीज गेलेली. बंद पंख्याकडे टक लावून बसण्यापेक्षा बरं म्हणून मोबाईलवर गिल एल्व्हग्रेन या अमेरिकन चित्रकाराची चित्रं बघत होते. १९५० च्या आसपासची कॅलेंडरं, भिंतीवर टाचायच्या सुंदर पोरींची, पिन-अप म्हणतात ती. समुद्रकिनारा, गवती टोपी, पोहायचे कपडे आणि 'अय्या' म्हटल्यासारखा तोंडाचा चंबू.

एक चित्र मोठं करून कपाळ पाहिलं. घामाचा टिपूस नाही! आमच्याकडे उन्हाळा म्हणजे घामोळं, माठ आणि 'पडदे ओढा गं आधी'. ही बया भर उन्हात गुलाबी.

पण ही कॅलेंडरं छापणारी ब्राउन अँड बिगेलो कंपनी मिनेसोटातल्या सेंट पॉलची. एल्व्हग्रेनही तिथलाच, जन्म १९१४ चा. जानेवारीत तिथला पारा शून्याखाली उतरतो आणि वर यायचं नावच घेत नाही. दाराबाहेर बर्फ साचलेलं असताना गॅरेजच्या भिंतीवरच्या कॅलेंडरात तरी ऊन हवंसं वाटणारच. आपण नाही का एप्रिलमध्ये पावसाची गाणी लावत!

बरं, हे ऊनही दिव्यांचं. आधी मॉडेलला स्टुडिओत बसवून फोटो, मग साधारण ३० बाय २४ इंची कॅनव्हासवर तैलरंग. ते फोटो आज बघायला मिळतात. चित्रात येईतो कंबर बारीक झालेली असते, पाय लांबलेले असतात. मला फोटोतलीच जास्त आवडते, शेजारच्या घरातली वाटते.

एक कुरकुर आहेच. झगा नेमका कुंपणात अडकतो, कुत्रा नेमका साखळीने पाय गुंडाळतो. वारा, कुंपण, कुत्रा सगळे कटात सामील, आणि बघणारा तेवढा साळसूद!

तरी रंगापुढे मी विरघळते. कोका-कोलाचा सांताक्लॉज रंगवणाऱ्या हॅडन संडब्लॉमच्या वळणाचं हे काम. रंग असा साईसारखा दाट, की या मंडळींना थट्टेनं 'मेयोनेझ स्कूल' म्हणायचे. हनुवटीखालची सावली बघावी. काळी नाहीच ती. खाली पिवळं कापड असेल तर त्याचा उजेड वर चढतो आणि सावलीच नारिंगी होते. टोपीच्या कडेला पांढऱ्याचा एकच फटकारा, की पडलं ऊन.

तेवढ्यात वीज आली. पंखा कुरकुरत फिरू लागला. मोबाईल खाली ठेवताना दिसलं, काचेवर माझ्या अंगठ्याचा ओला ठसा उमटला होता. नेमका तिच्या कपाळावर.