आत्या, ताहिनी आणि गाझात प्राईड काढायचा सल्ला

शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर परवा परत तेच फॉरवर्ड आलं, "या एलजीबीटीवाल्यांना एकदा गाझात प्राईड काढू दे, मग कळेल." खाली आठ-दहा हसणारे चेहरे. मी गे आहे हे त्या ग्रुपातल्या चौघांना माहितीये, त्यातल्या दोघांनी हसणारे चेहरे टाकले होते. मी काही बोललो नाही, बोलून उपयोग नसतो, पण हे ज्यांना विनोद वाटतं त्यांनी तिकडचं काही पाहिलेलं नसतं आणि मी चार महिने का होईना पाहिलंय, त्यामुळे इथे लिहून टाकतो.

2019 च्या उन्हाळ्यात ऑफिसने मला हर्झेलियाला पाठवलं होतं, तेल अवीवच्या उत्तरेला, समुद्राला लागून. मे ते ऑगस्ट. ठाण्यात आमच्या शेजारी एक बेने इस्रायली (म्हणजे कोकणातले मराठी ज्यू) काका राहायचे, त्यांची थोरली बहीण 1962 ला इस्रायलला गेलेली आणि तिथल्या लोद गावात राहणारी, तिचा पत्ता आईने माझ्या बॅगेत चकलीच्या डब्याबरोबर टाकला. काकांची बहीण म्हणून आम्ही पण आत्याच म्हणायचो. (आता आत्याही नाहीत आणि काकाही नाहीत, म्हणून लिहायची हिंमत करतोय, आणि तरी एकदोन गोष्टी मुद्दाम बदलल्यात.)

आता तो उन्हाळा कसा होता बघा. जूनमध्ये अमीर ओहाना कायदामंत्री झाले, नेतान्याहूंच्या लिकुड पक्षाचे, उघडपणे गे, नवरा आणि दोन मुलं. 14 जूनला तेल अवीवचा प्राईड, म्हणजे एलजीबीटी लोकांचा मोर्चा, समुद्रकिनारी अडीच लाखांचा आकडा सांगत होते, मी त्यातला एक, खांद्यावर टॉवेल, उन्हाने नाक सोललेलं. आयुष्यात पहिल्यांदा गर्दीत उभं राहून वाटलं की इथे मला कोणाची भीती नाही. हे खोटं कशाला बोलू, त्या दिवशी मी रडलो होतो.

पण त्याच्या आदल्याच आठवड्यात जेरुसलेमचाही प्राईड झाला होता आणि तो मी पाहिला तो असा, की दोन्ही बाजूंना कठडे, गच्चीगच्चीवर पोलीस, आत जाताना तपासणी. एका ठिकाणी लोक थांबून फुलं ठेवत होते. 2015 ला तिथे शिरा बान्की नावाच्या 16 वर्षांच्या मुलीला भोसकलं होतं. भोसकणारा हरेदी, म्हणजे कट्टर सनातनी ज्यू माणूस, यिशाय श्लिसेल. त्याने 2005 च्या मोर्च्यातही तिघांना भोसकलं होतं, दहा वर्षं जेलमध्ये काढली, सुटल्यावर काही आठवड्यांतच परत चाकू घेऊन त्याच शहरात, त्याच मोर्च्यात हजर. सहा जणांना भोसकलं, त्यातली शिरा वाचली नाही. तेल अवीव ते जेरुसलेम अंतर ठाणे ते खंडाळ्याहूनही कमी भरेल, पण देश बदलल्यासारखं वाटतं.

जुलैत तिथले शिक्षणमंत्री राफी पेरेत्झ टीव्हीवर म्हणाले की गे माणसाला थेरपी देऊन बदलता येतं. शिक्षणमंत्री! गदारोळ झाला, नेतान्याहूंनी हात झटकले, मग पेरेत्झनी पण शब्द गिळले. माझ्या शेजारच्या डेस्कवरची मुलगी, धार्मिक शाळेतून आलेली, डोक्यावरून स्कार्फ वगैरे, ती कॉफी ढवळता ढवळता म्हणाली की आमच्याकडे प्रॉब्लेम धर्मग्रंथात गे लोकांविरुद्ध लिहिलेल्या त्या एका ओळीचा नाहीच, प्रॉब्लेम शिदुखचा आहे. शिदुख म्हणजे स्थळ. घरात एक मुलगा गे निघाला की बाकीच्या पाच भावंडांची स्थळं घसरतात. मी तिला म्हटलं, हे तू मला हिब्रूत सांगतेयस पण मला मराठीत ऐकू येतंय.

आणि त्याच जुलैच्या शेवटी तेल अवीवमध्ये गे मुलांसाठीच्या एका आश्रयगृहाबाहेर 16 वर्षांच्या एका मुलाला भोसकलं. तो तामराचा, गॅलिलीतल्या अरब गावचा. भोसकणारा त्याचा सख्खा भाऊ. पोरगा वाचला. ऑफिसात दुसऱ्या दिवशी कोणी म्हणालं, "त्यांच्यात असंच असतं." शिराच्या वेळी "आपल्यात असंच असतं" असं किती जण म्हणाले असतील कोण जाणे.

आमच्या टीममध्ये एक पॅलेस्टिनी होता, इस्रायलचाच नागरिक, नाझरेथजवळच्या गावातला. तो गे-बिगे काही नाही, बायको-मुलंवाला. त्यालाच विचारलं. तो म्हणाला, बघ, आमच्यात लहानपणापासून एकच शब्द ऐकतो, ऐब. ऐब म्हणजे लाज वाटण्यासारखं. पाय पसरून बसलास ऐब, मोठ्यांसमोर मोठ्याने हसलास ऐब. मला गंमत वाटली, म्हटलं आमच्याकडेही हा शब्द आहे, कुठून तरी फिरत फिरत आला असणार, घोड्यात ऐब असते, माणसात ऐब असते. म्हणाला मग तुला समजवायची गरजच नाही. इज्जत, इभ्रत, सगळंच तिकडून आलंय आपल्याकडे. फक्त तो शब्द आईच्या तोंडून येतो तेव्हा तो पोलिसापेक्षा मोठा असतो.

ऑगस्टच्या सुरुवातीला त्या मुलावरच्या हल्ल्याचा निषेध म्हणून इस्रायलमधल्या हैफा शहरात पॅलेस्टिनी गे, लेस्बियन, ट्रान्स लोक स्वतः रस्त्यावर उतरले, अरबी घोषणा, पॅलेस्टिनी झेंडे. ज्यांना वाटतं की "त्यांच्यात असे लोक नसतातच" त्यांनी हे लक्षात ठेवा. अल-कौस नावाची पॅलेस्टिनी एलजीबीटी लोकांची संस्था आहे, तिचं काम 2001 मध्ये जेरुसलेमच्या ओपन हाऊस या एलजीबीटी संस्थेत सुरू झालं आणि 2007 ला ती वेगळी झाली. हैफात अस्वात म्हणून बायकांचा गट आहे, तोही साधारण तितकाच जुना. या लोकांनी आधी काय केलं असेल तर शब्द बदलले. जुना शब्द शाझ, म्हणजे विकृत. त्याऐवजी मिथ्ली, म्हणजे सारख्याचा. आपल्याकडे पेपरात "समलिंगी" आणि नाक्यावर "बायल्या", तसलाच मामला.

मग ऑगस्टमध्येच वेस्ट बँकमधल्या नाब्लुसला अल-कौसचा कार्यक्रम होणार म्हटल्यावर पॅलेस्टिनी पोलिसांनी जाहीर केलं की असले कार्यक्रम होऊ देणार नाही, कोणाला काही संशयास्पद दिसलं तर कळवा. टीका झाली तेव्हा ते निवेदन गुपचूप काढून टाकलं. पण शेजाऱ्यावर लक्ष ठेवा असं एकदा सांगून झालं की ते परत घेता येतं का.

आता कायद्याचं. फॉरवर्ड टाकणाऱ्यांना हा भाग माहीत नसतो आणि मला तर हाच सगळ्यात चीड आणणारा वाटतो. ऑटोमन तुर्कांच्या 1858 च्या दंडसंहितेत दोन पुरुषांनी राजीखुशीने काही केलं तर शिक्षाच नव्हती. ती आणली कोणी? इंग्रजांनी. आपल्याला कलम 377 दिलं त्याच इंग्रजांनी पॅलेस्टाईनला 1936 च्या फौजदारी कायद्यात कलम 152 दिलं, 10 वर्षांपर्यंत कैद. इस्रायलला हे कलम वारशात मिळालं, पुढे देशाच्या मुख्य सरकारी वकिलांनी सांगितलं की वापरू नका, पण पुस्तकातून काढायला 1988 उजाडलं. वेस्ट बँक जॉर्डनकडे गेला आणि जॉर्डनने 1951 मध्येच ते कलम टाकून दिलं, म्हणजे इस्रायलच्या 37 वर्षं आधी! आणि आपल्या 67 वर्षं आधी, आपण 2018 ला जागे झालो. गाझात मात्र इंग्रजांचं ते कलम अजून तसंच आहे. तर वेस्ट बँकमधल्या रामल्लाला कायद्याने गुन्हा नाही आणि गाझात आहे, पण राहून बघितलं तर दोन्हीकडे घरच्यांना कळणं हीच खरी शिक्षा. 2018-19 च्या बीबीसी-अरब बॅरोमीटरच्या पाहणीत वेस्ट बँक-गाझातल्या फक्त 5 टक्के लोकांनी समलैंगिकता चालेल म्हटलं. लेबनॉनमध्ये 6, ज्या बैरूतला सगळे मोकळं शहर म्हणतात तिथे. हे आकडे मी लपवणार नाही. तिकडे गे असणं भयंकर अवघड आहे, हे खरंच आहे.

पण त्यावर अजून एक ओझं आहे. 2014 ला इस्रायली लष्कराच्या 8200 या गुप्तवार्ता युनिटमधल्या 43 राखीव सैनिकांनी पत्र लिहून सांगितलं की आम्ही आता वेस्ट बँकवरचं काम करणार नाही. त्यांनी सांगितलेल्या गोष्टींत हेही होतं की एखादा पॅलेस्टिनी गे आहे असं फोन ऐकून कळलं तर ते टिपून ठेवायचे, म्हणजे त्याला दाबून खबऱ्या करता येतो. म्हणजे त्या पोराने कोणाला फोनवर "आठवण येते" म्हटलं की ती आठवण फाईलला लागली. आणि मग गावात गे म्हटलं की खबरी असणार हा संशय आपोआप. दोन्ही शिक्के एकाच कपाळावर. पळून तेल अवीवला गेला तर आसरा नाही, तात्पुरता परवाना, आणि 2022 पर्यंत काम करायची परवानगी पण नाही, मग खायचं काय ते विचारू नका. त्याच 2022 च्या ऑक्टोबरात असा एक 25 वर्षांचा मुलगा, इस्रायलमध्ये लपून कॅनडाला जायची वाट बघत असलेला, हेब्रोनमध्ये शिर कापलेला सापडला. आणि 2023 च्या नोव्हेंबरात गाझातल्या ढिगाऱ्यात एक इस्रायली सैनिक सप्तरंगी झेंडा घेऊन उभा असलेला फोटो आला, त्यावर लिहिलेलं "प्रेमाच्या नावाने". मी तो फोटो खूप वेळ बघत बसलो. त्या ढिगाऱ्याखाली माझ्यासारखा एकही नव्हता असं कसं म्हणायचं?

मी परत आल्यावर 2020 च्या जुलैत त्या नाझरेथच्या मित्राचा मेसेज आला, "आमच्या घरात ताहिनीवरून युद्ध चालू आहे." ताहिनी म्हणजे तिळाची ती पातळ पेस्ट, त्यांच्याकडे तिच्याशिवाय पान हलत नाही, आपल्याकडे दाण्याचं कूट असतं तसं. अल-अर्झ हा नाझरेथचा मोठा ब्रँड, ज्युलिया झाहेर या पॅलेस्टिनी बाईंचा. त्यांनी अरबी बोलणाऱ्या गे मुलांसाठी हेल्पलाईन सुरू व्हावी म्हणून आगुदा या इस्रायली एलजीबीटी संस्थेला पैसे दिले. झालं, बहिष्कार! लोक डबे कचऱ्यात ओततानाचे व्हिडिओ टाकत होते. काही धर्मासाठी चिडले, काही म्हणाले पैसे द्यायचेच होते तर पॅलेस्टिनी संस्थेला का नाही. आणि उलट बाजूने काही लोक मुद्दाम अल-अर्झ विकत घेत होते. मित्राच्या आईनेही बरणी फेकली. दोन महिन्यांनी परत आणली, म्हणाली बाकीच्यांच्या ताहिनीला चव नाही. त्याच जुलैत क्नेसेटमध्ये, म्हणजे इस्रायलच्या संसदेत, गे लोकांना "बदलवणाऱ्या" थेरपीवर बंदीचं विधेयक आलं, अरब पक्षांच्या संयुक्त यादीतल्या आयमन ओदेहसकट तिघांनी बाजूने मत दिलं, त्याच यादीतल्या मन्सूर अब्बास यांच्या राआम पक्षाने विरोधात, आणि पुढे ती आघाडी फुटली त्यात हे एक मोठं कारण. म्हणजे त्यांच्यातही भांडण चालू आहे, मोठ्या आवाजात, जेवणाच्या ताटावर. एकगठ्ठा "ते" असं काही नसतं.

2019 च्या त्याच उन्हाळ्यात आत्याकडे मी एका शुक्रवारी दुपारी गेलो, शब्बातला, म्हणजे ज्यूंच्या आठवड्याच्या सुट्टीला, गाड्या बंद, त्यामुळे शनिवार संध्याकाळपर्यंत मुक्काम. घरात नारळाच्या दुधातलं मच्छीचं कालवण, बाहेर ऊन. आत्यांचं मराठी 1962 ला थांबलेलं, "इस्पितळ" म्हणायच्या, "मला ठाऊक न्हाय" म्हणायच्या. संध्याकाळ व्हायच्या आत नातू आला, तिशीचा, बरोबर अजून एक जण. आत्या म्हणाल्या, "हा त्याचा हावेर." हिब्रूत हावेर म्हणजे मित्रही आणि बॉयफ्रेंडही, एकच शब्द, पाहिजे तो घ्या. आत्यांनी त्या हावेरच्या पानात दोनदा मासा वाढला.

रात्री पोरं झोपल्यावर मी विचारलं, ही दोघं लग्न करणार का. आत्या म्हणाल्या, "हितं कसं करतील? रब्बानूत लावून देत न्हाय." इस्रायलमध्ये नागरी लग्न नाहीच, ज्यूंचं लग्न रब्बानूत म्हणजे त्यांचं धर्मपीठ लावणार, मुसलमानांचं काझी. कोणालाच दुसरी वाट नाही, परदेशात करून या, मग इथे नोंद होते, पुरुषा-पुरुषांचीही 2006 पासून होते. मग आत्या म्हणाल्या, "माझंबी अडवलं हुतं ना त्यांनी."

हे मला माहीतच नव्हतं. आत्यांचा नवरा मोरोक्कोचा ज्यू. 1962 ला तिथल्या मुख्य रब्बींनी, म्हणजे ज्यू धर्मगुरूंनी (रब्बी म्हटलं की मला हरभराच दिसतो, सॉरी) फर्मान काढलं की बेने इस्रायलींचं बाहेरच्या ज्यूशी लग्न लावायचं तर आईची आई, तिची आई असं जाईल तितकं मागे जाऊन शुद्ध ज्यू आहेत का ते तपासा. "माझ्या पणजीचं लगीन अलिबागपल्याडच्या खेड्यात झालं, त्याचा कागुद मी कुठून आणू?" 1964 ला बेने इस्रायलींनी जेरुसलेममध्ये धरणं धरलं, आत्या पण जाऊन बसल्या होत्या, 20-21 वर्षांच्या. शेवटी क्नेसेटने ठराव केला की हे सगळ्या अर्थांनी ज्यूच आहेत, तेव्हा कुठे रब्बी नमले. "दोन वर्सं थांबलो आमी. लोक म्हणायचे तुमी खरे ज्यू न्हायतच. आता याला म्हणतात तू खरा पुरुष न्हायस. म्हणू दे."

शनिवारी संध्याकाळी तीन तारे दिसून शब्बात संपल्यावर मी निघालो. आत्यांनी भावासाठी खजुराचा डबा दिला, दारापर्यंत आल्या, माझा दंड धरून हळूच म्हणाल्या, "ठाण्याला भावाला नातवाचं काय बोलू नकोस हां. त्याला सोसायचं न्हाय." मी म्हटलं नाही बोलणार आत्या.

"आनि तुझंबी मी कुनाला सांगत न्हाय," म्हणाल्या आणि दार लावून घेतलं. मी त्यांना काहीच सांगितलेलं नव्हतं.