झोपेची गोळी एका दिवसात बंद करू नका

"आईच्या झोपेच्या गोळ्या मी बंद केल्या, सगळ्या कचऱ्यात टाकल्या," असं कोणी काउंटरवर येऊन सांगितलं की माझ्या पोटात धस्स होतं. मिरजेत माझं मेडिकल आहे. शेजारच्या गल्लीतल्या काकूंच्या मुलानं हेच केलं होतं.

काका गेले तेव्हा काकूंना झोप लागेना. डॉक्टरांनी अल्प्राझोलम (बेंझोडायझेपीन गटातली गोळी) ०.२५ मिलिग्रॅम लिहून दिली, थोड्या दिवसांसाठी. पुढे ती ०.५ झाली, मग सकाळीही अर्धी सुरू झाली. तीच जुनी चिठ्ठी घेऊन त्या या दुकानातून त्या दुकानात जायच्या. दुपारभर पेंगायच्या, गॅसवर दूध ठेवून विसरायच्या, एकदा बाथरूममध्ये पडल्या. घरचे म्हणाले, वय झालं. ते वय नव्हतं, गोळीचा अंमल होता. म्हातारपणी या गटातली औषधं शरीरातून सावकाश बाहेर पडतात, तोल जातो, आठवण दगा देते, खुब्याचं हाड मोडतं.

मुलगा पुण्याहून आला, त्यानं मोबाईलवर वाचलं आणि गोळ्या फेकल्या. आईच्या काळजीपोटीच. पण दुसऱ्या रात्रीपासून काकूंचे हात थरथरायला लागले, घामानं साडी भिजली, भिंतीवर काहीतरी सरकतंय असं त्या म्हणू लागल्या. मग फिट आली आणि त्यांना ॲडमिट करावं लागलं.

मेंदूत गाबा नावाचं रसायन चेतापेशींना आवरून धरतं. ही औषधं त्याचा जोर वाढवतात. बाहेरून अशी मदत महिनोन्महिने मिळत राहिली की मेंदू गाबाला पूर्वीसारखा जुमानत नाही. त्यात गोळी अचानक गेली की चेतापेशींना आवर घालणारं पुरेसं काही उरत नाही. म्हणून फिट येते, आणि ती जिवावर बेतू शकते. अल्प्राझोलमचा अंमल लवकर उतरतो, त्यामुळे तिच्या बाबतीत हा त्रास लवकर सुरू होतो. याच गटातली डायझेपाम शरीरात कितीतरी जास्त वेळ रेंगाळते. इंग्लंडमध्ये न्यूकॅसलला प्रा. हेदर ॲश्टन यांनी १९८२ ते १९९४ या काळात अशा रुग्णांसाठी खास क्लिनिक चालवलं. रुग्णाला हळूहळू डायझेपामवर आणायचं आणि मग मात्रा थोडी थोडी उतरवत न्यायची, ही त्यांची रीत. कित्येकांना त्यासाठी महिने लागत, काहींना वर्षाहून जास्त.

व्हॅलियम, म्हणजे हीच डायझेपाम, १९६३ मध्ये बाजारात आली तेव्हा बार्बिच्युरेट नावाच्या जुन्या झोपेच्या औषधांपेक्षा ती सुरक्षित म्हणून डॉक्टरांनी तिचं स्वागत केलं. त्यात तथ्य होतं. पण दारूबरोबर किंवा ट्रॅमाडॉलसारख्या वेदनाशामकाबरोबर याच गोळ्या श्वास बंद पाडू शकतात, हे मी प्रत्येक गिऱ्हाईकाला सांगते, त्याला राग आला तरी.

आपल्याकडे १ मार्च २०१४ पासून ही औषधं एच-वन यादीत आहेत. चिठ्ठीशिवाय द्यायची नाहीत, डॉक्टरांचं आणि पेशंटचं नाव, औषध, किती दिलं हे वेगळ्या रजिस्टरमध्ये लिहायचं आणि ते तीन वर्षं जपायचं. हे रजिस्टर मनापासून लिहिलं गेलं असतं तर काकूंची जुनी चिठ्ठी पहिल्याच महिन्यात अडली असती. माझ्या धंद्यातल्या लोकांवर माझा राग आहे तो इथे.

काकूंची गोळी आता मानसोपचारतज्ज्ञांच्या सांगण्यावरून उतरते आहे. दर काही आठवड्यांनी थोडीशीच, आणि त्रास वाढला तर तिथेच थांबायचं. सून गोळी कापून डबीत ठेवते. मध्ये एक महिना काकू फार चिडचिड्या झाल्या, झोप उडाली, तेव्हा मुलानं विचारलं, "ताई, हे असंच राहणार का?" हा त्रास ओसरतो, पण वेळ लागतो, म्हणून मी त्याला परत डॉक्टरांकडेच पाठवलं.

घरात कोणाची अशी गोळी वर्षानुवर्षं चालू असेल तर आज ती काढून घेऊ नका. स्ट्रिप आणि चिठ्ठी घेऊन डॉक्टरांकडे जा, ती कशी कमी करायची ते विचारा. मानसोपचारतज्ज्ञ जवळ नसतील तर मानसिक आरोग्यासाठी टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी नंबर आहे, तिथे मराठीत बोलता येतं.