रणदिवेबाईंचे शोधनिबंध आणि 'संस्थेचे नाव' हा रकाना

शाळेच्या विज्ञान मंडळात कर्करोग-संशोधक डॉ. कमल रणदिव्यांवर बोलायचं होतं. फर्ग्युसन, पुण्याच्या शेतकी कॉलेजातून १९४३ ची एम.एस्सी., पॅथॉलॉजिस्ट डॉ. खानोलकरांच्या हाताखाली १९४९ ची पीएच.डी., १९८२ चं पद्मभूषण, एवढं कुठेही मिळतं. मला हवे होते त्यांचे मूळ निबंध, उंदरांच्या स्तनाच्या कर्करोगावरचे. संप्रेरकं आणि विषाणू यांचा धागा बाई कसा जुळवत होत्या, ते त्यांच्याच शब्दांत वाचायचं होतं. मुंबईतल्या एका ग्रंथालयात जुने बांधीव खंड आहेत, हे घरबसल्या कळलं.

अडलं ते काउंटरवर. फॉर्मात रकाना: 'संस्थेचे नाव'. मी निवृत्त शिक्षिका, 'स्वतः' असं लिहिलं. समोरच्या गृहस्थांनी त्याभोवती लाल पेनाने गोल काढला. "मॅडम, संस्थेचं पत्र लागेल. लेटरहेडवर, सही-शिक्क्यानिशी." शाळेचं नेलं. "शाळेचं चालत नाही, कॉलेजचं आणा." आणलं. त्यात विषय होता 'डॉ. कमल रणदिवे यांचे चरित्र'. "चरित्र म्हणजे मराठी विभाग ना? हे सायन्सचं ग्रंथालय आहे." म्हटलं, अहो, या बाई बाल्टिमोरला, हेला पेशी (प्रयोगशाळेत अखंड वाढत राहणाऱ्या माणसाच्या कर्करोगपेशी) वाढवणाऱ्या जॉर्ज गे यांच्या प्रयोगशाळेत शिकून आल्या, परळला देशातली पहिली टिश्यू कल्चर, म्हणजे शरीराबाहेर पेशी वाढवण्याची, प्रयोगशाळा त्यांनी उभारली! गृहस्थ शांतपणे म्हणाले, "ते बरोबर आहे, पण साहेब रजेवर आहेत."

माझं डोकं फिरलं होतं. प्राचार्य माझाच जुना विद्यार्थी, म्हणून पुन्हा पत्र मागता आलं. या वेळी विषय 'पेशीजीवशास्त्राचा इतिहास'. पाच मिनिटांत पास हातात! तेव्हा पत्रात 'चरित्र', 'आठवणी' असलं काही घालू नका, आणि जाण्याआधी साहेब आहेत का ते फोन करून विचारा.

आत गेल्यावर सगळं सुरळीत. पेन्सिल मात्र न्या, पेन बाहेर ठेवायला लावतात. झेरॉक्समध्ये पेशींची छायाचित्रं नुसती काळी येतात, स्कॅन मागा. हो, आणि पत्राच्या दोन प्रती. एक ते ठेवून घेतात.

आता बाईंचं उतारवयातलं काम बघायचंय, नगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यात अकोले तालुक्यातल्या आदिवासी मुलांच्या पोषणाचं. त्याला कुठलं पत्र लागतं, ते अजून विचारलेलं नाही.