गोगलगाय अन् पोटात सैल वायर

मागच्या नोंदीत मी छातीठोकपणे लिहिलं होतं की गोगलगायीतल्या, म्हणजे गाडीमागे ओढायच्या माझ्या कॅराव्हॅनमधल्या, फ्रिजचा प्रश्न मिटला, दोष फ्यूजबॉक्सचाच होता. ते वाक्य मागे घेतो. नवा फ्यूजबॉक्स बसवून बरोबर अकरा दिवस झाले आणि पिरंगुट ओलांडून मुळशीकडे जाताना फ्रिज पुन्हा मेला. ताम्हिणीत मुक्कामाला पोचेपर्यंत श्रीखंड पेल्यातून प्यायच्या अवस्थेला आलं होतं.

लक्षण तेच जुनं. गोगलगाय शेडमध्ये उभी असली की सगळं आबादीआबाद. रस्त्यावर चार खड्डे लागले की आतले दिवे डोळे मिचकावतात आणि फ्रिजच्या कंट्रोलरवरचा दिवा दर चार सेकंदांनी एकदा लुकलुकतो. एकदा म्हणजे व्होल्टेज कमी. माझ्या फ्रिजचा कंप्रेसर सेकॉप कंपनीचा बीडी३५. तो १०.४ व्होल्टला बंद होतो आणि ११.७ मिळाल्याशिवाय परत सुरू होत नाही. बॅटरीवर मात्र मीटर कायम १३.२ दाखवतो. फ्रिजच्या सॉकेटवर लावला तरी १३.२!

या १३.२ ने मला दीड महिना फिरवलं. आता कळतंय की फ्रिज बंद पडला की लोड (वायरीतून ओढला जाणारा करंट) जातो, लोड गेला की व्होल्टेज जागेवर येतं, आणि मी गाडी बाजूला घेऊन मीटर काढेपर्यंत चोर सज्जन होऊन बसलेला असतो.

कोडं सोडवलं काकांनी. काका टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेत, आयुष्यभर जॉइंट शोधले त्यांनी. मी सगळी आकडेवारी ऐकवली, तर म्हणाले, "अरे, तोटी बंद ठेवून पाण्याचं प्रेशर बघतोयस तू. आधी तोटी उघड, मग बघ."

तोटी म्हणून जुन्या मारुतीच्या हेडलाइटचा एच४ बल्ब घेतला. त्याची ६० वॉटची बाजू म्हणजे साधारण ५ अँपिअर. फ्रिज काढून त्या जागी बल्ब लावला आणि सॉकेटवर मोजलं: १०.९. गाडी उभी, खड्डा नाही, काही नाही, तरी १०.९! इतके दिवस फ्रिज कड्याच्या टोकावर उभा राहूनच चालत होता. खड्डा फक्त शेवटचा धक्का द्यायचा.

मग बल्ब जळता ठेवूनच मीटरची एक पिन बॅटरीच्या टर्मिनलवर आणि दुसरी सॉकेटच्या त्याच बाजूच्या पिनवर धरली, म्हणजे त्या वाटेत किती व्होल्ट हरवतात ते दिसतं. पॉझिटिव्हवर ०.२६. चार मीटर वायर आणि मध्ये एक फ्यूज, म्हणजे ठीकच. निगेटिव्हवर १.९! आपण सगळे पॉझिटिव्हच्या मागे धावतो, फ्यूज बदलतो, स्विच बदलतो. परतीच्या रस्त्याकडे कुणी बघत नाही. (मीही फ्यूजबॉक्सवर पैसे घातलेच. जुना धडधाकट आहे, कुणाला हवा असेल तर घेऊन जा.)

पुढचं काम तुकडे पाडण्याचं. काळी पिन बॅटरीच्या निगेटिव्हवर, लाल पिन एकेक टप्पा पुढे. एक्सलजवळच्या चासीवर (खालचा लोखंडी सांगाडा, निगेटिव्हचा परतीचा रस्ता त्यातूनच जातो) ०.०५. निगेटिव्ह वायर चासीला जोडणाऱ्या अर्थ बोल्टच्या लगवर (वायरीच्या टोकाला दाबून बसवलेली धातूची कडी) ०.२४. सापडला म्हणून ओरडलोच मी. बोल्ट काढला तर लगखाली रंग जसाच्या तसा होता. पॉलिश पेपरने पत्रा चकचकीत केला, दातेरी वॉशर टाकला, वरून ग्रीस. परत मोजलं: सॉकेटच्या निगेटिव्हवर १.९ चे १.७ झाले.

फक्त ०.२! त्या संध्याकाळी चहासुद्धा घ्यावासा वाटला नाही.

म्हणजे दोष बोल्ट आणि फ्रिज यांच्या मध्ये कुठेतरी. त्या पट्ट्यात जॉइंट एकच: ओट्याच्या कपाटामागची कनेक्टर पट्टी. फ्रिज, दिवे, पंप, सगळ्यांचे निगेटिव्ह तिथे एकत्र येतात, म्हणून तर दिवेही मिचकावायचे. हे पहिल्या दिवशीच सुचायला हवं होतं. सुचलं नाही, कारण तो जॉइंट मी स्वतः केला होता आणि प्रत्येक वायरचं टोक सोल्डरने टिन करून, म्हणजे सुट्या तारांवर वितळलेलं सोल्डर चढवून, अगदी निगुतीने केला होता. तिकडे संशयाने बघणं म्हणजे स्वतःच्या हस्ताक्षराला नावं ठेवणं.

चौदा स्क्रू आणि सिलिकॉन कापून प्लाय बाहेर काढला. पट्टी एका बाजूने तपकिरी पडलेली. फ्रिजच्या वायरचा स्क्रू दीड आटा फिरला, तोही स्क्रूड्रायव्हर जेमतेम टेकवल्यावर. सोल्डर मऊ. स्क्रूच्या दाबाखाली ते हळूहळू पसरतं, दाब उतरतो, जॉइंट तापतो, तापला की आणखी पसरतं. शिवाय वायरीत जिथवर सोल्डर चढलंय तिथवर ती काडीसारखी कडक होते. त्या कडेवर रस्त्याची थरथर येऊन आदळते आणि तारा तुटत जातात. माझ्या वायरीच्या निम्म्या तारा तिथेच तुटलेल्या होत्या. हिशेब केला तर त्या एका स्क्रूखाली ८ वॉट जळत होते. सोल्डरला घाबरायचं कारण नाही, पण स्क्रूखाली ते नको. नाव गोगलगाय ठेवलं तेव्हा पोटातले पाय माझेच निघतील असं वाटलं नव्हतं.

तात्पुरतं काम तिथल्या तिथे केलं. टिन केलेला भाग छाटला, टोकावर फेरुल (धातूची बारीक नळी) दाबली, नवी पट्टी टाकली. बल्ब लावला: निगेटिव्हवर ०.१५, सॉकेटवर १२.७. काकांना फोटो पाठवला, त्यांचं उत्तर आलं, "बरं." हा त्यांच्याकडचा पद्मश्री समजा.

क्रिंपिंगबद्दल, म्हणजे लग किंवा फेरुल वायरीवर दाबून बसवण्याबद्दल, थोडं. पकडीसारखा स्वस्तातला क्रिंपर लग नुसता चपटा करतो, ओढला की वायर हातात. रॅचेटचा घ्या, पूर्ण दाबल्याशिवाय सुटत नाही तो. लग मी पुण्याच्या तापकीर गल्लीतून डॉवेल्सचे आणतो. तिथले दुकानदार "किती नग?" विचारताना आपल्याकडे असं बघतात की दहा म्हणायची लाज वाटून आपण पन्नास घेतो. वायर मात्र ऑनलाइन मागवून फसलो. "६ स्क्वेअर (चौरस मिलिमीटर जाडीची), शुद्ध तांबं" म्हणून आलेलं बंडल हातात हलकं लागलं. एक तार ब्लेडने खरवडली तर आतून पांढरी, ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा. परत पाठवली आणि गल्लीतून फिनोलेक्सची आणली.

आता पक्क्या कामाचं. इथवर लिहिलं तेव्हा बेत असा होता की बॅटरीच पुढच्या पेटीतून काढून पलंगाखाली, फ्रिजशेजारी न्यायची. म्हणजे लांब वायरच नको. पण लिहिता लिहिता लक्षात आलं, पलंग एक्सलच्या मागे आहे. पुढचे बारा किलो उचलून मागे टाकले की गाडीच्या हुकवर पडणारा गोगलगायीचा भार उतरणार, आणि खंबाटकीच्या उतारावर गोगलगाय शेपूट हलवायला लागली तर फ्रिजची आठवणही यायची नाही. बेत रद्द. त्याऐवजी चासीवरून परतीचा रस्ताच बंद करतो. ६ स्क्वेअरचा स्वतंत्र निगेटिव्ह थेट बॅटरीपर्यंत न्यायचा आणि चासीला फक्त एका जागी जोडायचं. २.५ स्क्वेअरच्या जोडीत ५ अँपिअरला जातायेता ०.३२ व्होल्ट खर्च होतात, ६ च्या जोडीत ०.१३. आणि बसबार (सगळे निगेटिव्ह एकत्र जोडायची धातूची पट्टी) या वेळी कपाटाच्या दाराआड, हात घातला की सापडेल असा. चौदा स्क्रूंमागे पुन्हा काही गाडणार नाही.

जाता जाता एक बारीक यश. डावा इंडिकेटर लावला की मागचे दोन्ही दिवे त्याच्या तालावर नाचायचे, आठवतंय? गाडी आणि गोगलगाय जोडणाऱ्या सात पिनी प्लगमधली ३ नंबरची पिन, म्हणजे पांढरी, अर्थची. सैलच होती ती. परतीची वाट मिळाली नाही की करंट दुसऱ्याच्या घरातून जातो.

रविवारी चांदणी चौक ते पिरंगुट आणि परत, मीटर मिन-मॅक्सवर (सगळ्यात कमी-जास्त आकडा लक्षात ठेवणाऱ्या सेटिंगवर) ठेवून. सगळ्यात कमी आकडा १२.४, तोही वाटेतल्या एका कुप्रसिद्ध खड्ड्यात. फ्रिज एकदाही बंद पडला नाही.

परत आल्यावर वही काढून मोजलं, अशी टिन केलेली टोकं गोगलगायीत मी किती ठिकाणी स्क्रूखाली घातलीत. एकतीस. काल रात्री सात बदलून झाली.