आमची वाटचाल : चादरींचे गठ्ठे आणि पिवळा दिवा

आमचा धंदा दवाखान्यांचे कपडे धुण्याचा. चादरी, उशांचे अभ्रे, ओटीतले, म्हणजे ऑपरेशन थिएटरमधले, हिरवे गाऊन, पेशंटच्या खाली आडव्या घालायच्या, रक्ताचे डाग पडलेल्या ड्रॉशीट. रात्री उचलायचे, रात्रभर धुवायचे, सकाळी साडेसहाच्या आत नर्सिंग होमच्या मागच्या दारी पोचवायचे. पावणेसात झाले की सिस्टरचा फोन येतो, सात झाले की डॉक्टरांचा. डॉक्टर फारसं बोलत नाहीत, फक्त विचारतात, "मॅडम, आज ऑपरेशन करायचं की नको?"

२०११ साली भांडुप पश्चिमेला भाड्याच्या गाळ्यात मी आणि माझ्या नवऱ्यानं दोन मशीन आणि एका हायड्रोवर, म्हणजे कपडे गरगर फिरवून पाणी काढणाऱ्या यंत्रावर, सुरुवात केली. भाड्याचे टेम्पो, उधारी, पाण्याचे टँकर हे सगळं सगळ्यांचंच असतं, म्हणून ते सोडून देते. एकच गोष्ट सांगते, कारण ती पुढे कामाला आली. दवाखान्याचे कपडे ७१ अंशांच्या पाण्यात २५ मिनिटं फिरले पाहिजेत, असा दंडक आम्ही पहिल्या दिवसापासून पाळला. दर फेरीचं तापमान वहीत लिहायचं. पोरं वैतागायची. मी म्हणायचे, डोळ्याला दिसत नाही तेच लिहायचं असतं.

२०१६ मध्ये पहिली स्वतःची गाडी घेतली. २०१४ सालची, सेकंडहँड, डिझेल व्हॅन. सीएनजी का नाही, असं तेव्हा सगळ्यांनी विचारलं. सीएनजीच्या रांगेत पहाटेचा तास घालवणं आम्हाला परवडणारं नव्हतं, आणि ओल्या कपड्यांचं वजन काय असतं ते उचलणाऱ्यालाच कळतं.

दोन वर्षं गाडी गुणी वागली. मग एका पहाटे ईस्टर्न एक्स्प्रेसवर, घाटकोपरच्या अलीकडे, आमच्या ड्रायव्हर काकांचा फोन आला. "वहिनी, डॅशबोर्डवरचा इंजिनचा पिवळा दिवा पेटलाय आणि गाडी पिकअप घेत नाही. चाळीसच्या वर जातच नाही."

त्या दिवशी दादरचा माल टॅक्स्यांतून गेला. गाडी एका वर्कशॉपमध्ये लावली. त्यांनी लॅपटॉप लावला, "ईजीआर व्हॉल्व्ह गेलाय" म्हणाले (धुराचा काही भाग परत इंजिनात सोडणारी झडप ती), बदलला, साडेअकरा हजारांचं बिल दिलं. चौथ्या दिवशी दिवा परत. पुन्हा नेली, तर म्हणे आता टर्बो, म्हणजे इंजिनात जादा हवा दाबणारा पंखा, बघावा लागेल. टर्बोचा आकडा ऐकून नवऱ्यानं चहाचा कप खाली ठेवला.

मला राग आला तो पैशांपेक्षा दुसऱ्याच गोष्टीचा. लॅपटॉपवर नेमकं काय लिहून आलं होतं, ते आम्हाला कोणी दाखवलंच नव्हतं. तपासणीचा रिपोर्ट न दाखवता पोट फाडायला निघालेला डॉक्टर मी आमच्या एकाही नर्सिंग होममध्ये पाहिला नव्हता.

काकांच्या भाच्यानं सांगितलं की स्टिअरिंगखाली सोळा भोकांचं एक सॉकेट असतं आणि त्यात लावून गाडीच्या कॉम्प्युटरची तक्रार वाचणारं यंत्र कोणालाही विकत मिळतं. १ एप्रिल २०१३ नंतरच्या बीएस-४, म्हणजे धुराच्या सरकारी नियमांच्या चौथ्या टप्प्यातल्या, गाड्यांना आपल्याकडे ओबीडी-२, म्हणजे बिघाडाची नोंद ठेवणारी यंत्रणा, सक्तीचं झालं, म्हणजे आमच्या गाडीत ते असणारच. मी लॅमिंग्टन रोडला गेले आणि काड्यापेटीएवढा एक ब्लूटूथ डोंगल घेऊन आले. साडेपाचशे रुपये. मोबाइलवर ॲप घेतलं, डोंगल लावला, आणि काहीच झालं नाही. फोन गाडीशी बोलेना. दुकानदारानं दुसरा दिला. तोही तसाच. तिसरा चालला. नंतर कळलं की हे बहुतेक डोंगल ईएलएम ३२७ नावाच्या चिपच्या नकला असतात आणि आवृत्तीचा आकडा लेबलवर वाटेल तो छापतात. '१.५' लिहिलेले ढिगानं मिळतात. मूळ कंपनीनं १.५ अशी आवृत्ती कधी काढलेलीच नाही. नकलांमधल्या काही फक्त कॅन नावाच्या नव्या पद्धतीच्या वायरिंगवर बोलतात, के-लाइन नावाच्या जुन्या पद्धतीच्या गाडीपुढे मुक्या होतात. म्हणून दुकानदाराला पहिला प्रश्न किमतीचा नाही. पहिला प्रश्न हा, की गाडी खाली उभी आहे, लावून दाखवतोस का?

दोन कोड, म्हणजे बिघाडांचे क्रमांक, आले. पी ०४०१ आणि पी ०२९९. पहिल्याचा अर्थ ईजीआरमधून पुरेसा वायू जात नाही, दुसऱ्याचा टर्बोचा दाब कमी. वर्कशॉपनं पहिला कोड वाचून पहिला पार्ट बदलला होता आणि आता दुसरा वाचून दुसरा बदलणार होते. आणि मी काय केलं? आनंदाच्या भरात 'क्लिअर' दाबलं. दिवा विझला. काका टाळ्या वाजवायचे तेवढे बाकी होते.

ही चूक मी दोनदा केली, म्हणून जरा खुलासा करते. कोड पुसला की त्याच्याबरोबर फ्रीझ फ्रेमही जाते. म्हणजे दिवा पेटला त्या क्षणी गाडीचा वेग किती, इंजिनचे फेरे किती, ते किती तापलेलं होतं, याची जी नोंद कॉम्प्युटरनं जपून ठेवलेली असते, ती. चोर पळून गेल्यावर आपणच पायाचे ठसे पुसावेत, तसलं ते.

अर्थात दोन दिवसांनी दोन्ही कोड परत आले. या वेळी फोटो काढून ठेवले आणि विक्रोळीच्या एका जुन्या मेकॅनिककडे गेले. त्यांच्याकडे लॅपटॉप नव्हता. त्यांनी फोटो पाहिले आणि मला नाही, काकांना विचारलं, "ब्रेक कसा लागतो?"

काका म्हणाले, "सकाळी पहिल्या एकदोन ब्रेकला जड वाटतो. पण ते म्हटलं थंडीचं असेल."

"ईजीआर, टर्बो, ब्रेकला जोर देणारा बूस्टर, तिघं एकाच व्हॅक्युमवर, हवेच्या ओढीवर, जगतात," ते म्हणाले आणि बॉनेटमध्ये हात घातला. पाच मिनिटांत पेन्सिलीएवढ्या जाडीचा व्हॅक्युमचा रबरी पाइप बाहेर आला. उंदरानं कुरतडलेला. भांडुपच्या गाळ्यात उंदीर आमच्यापेक्षा जुने भाडेकरू आहेत. पाइप आणि मजुरी मिळून तीनशे वीस रुपये झाले. दोन कोड एकदम आले की दोन पार्ट शोधायचे नाहीत, दोघांच्या मागे एकच काय आहे ते शोधायचं, हे मी तिथं शिकले. काकांच्या ब्रेकबद्दल कोणत्याच यंत्रात काही आलं नव्हतं, हेही.

२०२१ मध्ये दुसरी गाडी घेतली, कोरी, बीएस-६. तिच्या सायलेन्सरच्या वाटेवर डीपीएफ, म्हणजे काजळी अडवणारी जाळी. ही जाळी भरली की गाडी आपली आपण ती काजळी जाळते; त्यासाठी धुराचं तापमान साधारण ६०० अंशांपर्यंत चढावं लागतं आणि गाडी काही वेळ एका लयीत पळावी लागते. आता भांडुप ते सायन एलबीएस मार्गानं गाडी एका लयीत पळवून दाखवणाऱ्याला मी आमच्यातर्फे नारळ आणि शाल देईन.

वर्षभरात पी २४६३ येऊ लागला. काजळी जास्त साठली. काकांच्या फोनमध्ये आता ॲप होतंच. दिवा पेटला की ते पुसून टाकायचे, मला दुपारी सांगायचे. "वहिनी, आज परत आलेला, घालवला." जणू दारावर आलेला विक्रेता.

डोंगलची हद्द इथं संपली. तो काजळी जाळण्याचा हुकूम गाडीला देऊ शकत नव्हता, इंजिन सोडून एबीएस (ब्रेक लावताना चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) वगैरेमध्ये डोकावू शकत नव्हता. चांगला स्कॅनर हवा होता, आणि टॅबलेटवाल्या स्कॅनरची किंमत ऐकली तेव्हा मला एक नवीन हायड्रो दिसू लागला. तेव्हा भिशीच्या हिशोबानं डोकं चाललं. आमच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये शेजारी फरसाणवाले भाऊ आणि पलीकडे बेकरीवाले चाचा, दोघांकडेही डिझेल टेम्पो. तिघांत एक घ्यायचा ठरलं.

निवडताना आम्ही तीन दुकानं फिरलो. सेल्समन सगळीकडे एकच सांगायचे, हजारो गाड्या कव्हर होतात. मी यादी उघडायला लावायचे. युरोपातल्या गाड्या पानंच्या पानं, आणि आपल्या माल वाहणाऱ्या व्हॅनचं नाव काढलं की 'जनरल ओबीडी' नावाच्या खोलीत ढकलायचे. जनरलमध्ये धुराशी संबंधित कोड दिसतात. आपल्या कंपनीचे स्वतःचे, पी १ नं सुरू होणारे, त्यांचा अर्थ नीट लागेलच असं नाही, आणि सर्व्हिसची कामं तर नाहीतच. एका ठिकाणी डीपीएफचं बटण मेनूत होतं, आमच्या गाडीला लावून दाबलं तर 'सपोर्टेड नाही'. बाकीचे प्रश्न असे. डिझेल फवारणारा इंजेक्टर बदलल्यावर त्याच्यावर छापलेला कोड गाडीत भरावा लागतो, ते जमतं का. अपडेटचं पहिलं वर्ष फुकट, मग वर्षाला किती. चोवीस व्होल्टचा ट्रक चालतो का. हा शेवटचा प्रश्न चाचांचा, कारण त्यांच्या मेहुण्याचा ट्रक आहे आणि बारा व्होल्टचं यंत्र तिथं लावलं तर ते जळू शकतं. शेवटी मधला, वायरचा, हातात धरायचा घेतला. तिघांत मिळून चोवीस हजार. ब्लूटूथ नको म्हटलं, कारण तिघांच्या ड्रायव्हरांत फोन कोणाचा जोडलाय यावरून भांडणं झाली असती.

स्कॅनरबरोबर एक वही ठेवली. आमच्या तापमानाच्या वहीचीच जुळी बहीण. तारीख, गाडी, कोड, फोटो काढला का, आणि खाली ठळक अक्षरांत: लिहिल्याशिवाय पुसायचं नाही.

पहिल्याच रविवारी आम्ही डीपीएफमधली काजळी जाळायला बसलो. गाळ्याच्या दारात नाही. सायलेन्सर भट्टीसारखा तापतो आणि आमच्या गाळ्यात कपड्यांची रुई हवेत तरंगत असते. गाडी बाहेर मोकळ्या काँक्रीटवर उभी केली, टाकीत डिझेल भरपूर, शेजारी पाण्याची बादली. हुकूम दिला. यंत्र म्हणालं, अटी पूर्ण नाहीत. पुन्हा दिला, पुन्हा तेच. काका म्हणाले, यंत्र खराब आहे.

मी लाइव्ह डेटाचं पान उघडून नुसती बघत बसले. इतके आकडे, त्यातले निम्मे मला कळत नव्हते. पण एक कळत होता. कूलंट ६२ अंश. गाडी ठाण्यापर्यंत जाऊन आलेली, चाळीस मिनिटं चाललेली, मे महिना, माझ्या कपाळावरून घाम ओघळतोय आणि इंजिनचं पाणी ६२. आमच्या मशीनमध्ये ६२ आलं असतं तर मी ती फेरी परत धुवायला लावली असती. डिझेलचं इंजिन तापलं की ८० ते ९० मध्ये राहायला हवं, एवढं वाचून माहीत होतं.

मग 'पेंडिंग' नावाचं, अजून पक्के न झालेल्या कोडचं, पान उघडलं, जे तोवर कधी उघडलंच नव्हतं. तिथं पी ०१२८ वाट बघत बसला होता: इंजिन हवं तेवढं तापत नाही. तो पक्का होऊन दिव्यापर्यंत पोचायच्या आधी काका प्रत्येक वेळी सगळं पुसत होते, त्याच्यासकट.

थंड इंजिनला गाडी काजळी जाळू देत नाही. म्हणून जाळी भरत होती. आणि इंजिन थंड का, तर दोन महिन्यांपूर्वी रेडिएटरचा पाइप बदलताना ज्या गॅरेजवाल्याकडे गेलो होतो, त्यानं थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप, काढून ठेवला होता. विचारलं तर तो निर्धास्त. "वहिनी, मुंबईत थर्मोस्टॅट कशाला लागतो? हे काय काश्मीर आहे? मी सगळ्यांचा काढतो, गाडी गरम होत नाही." त्याच्या बाजूनं सांगायचं तर जुन्या गाड्यांना ते खपूनही जायचं. नव्या गाडीत इंजिनचं पाणी आणि सायलेन्सरमधली जाळी एकमेकांशी बोलतात, हे त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. मलाही कुठे माहीत होतं?

नवा थर्मोस्टॅट ऑपेरा हाऊसच्या बाजारातून आणला, गॅस्केटसकट अकराशे. पुढच्या रविवारी कूलंट ८४ ला टेकला, हुकूम दिला आणि गाडीनं तो मानला. पंचवीस मिनिटं इंजिन वरच्या सुरात गुरगुरत होतं, गरम लोखंडाचा वास सुटला होता, फरसाणवाले भाऊ लांबून विचारत होते, "स्फोट तर नाही ना होणार?" आता दर दहा-बारा दिवसांनी काका रिकामी गाडी ठाण्याच्या पुढे नाशिक रोडवर सलग पळवून आणतात. यंत्राचा हुकूम त्यानंतर फक्त एकदा द्यावा लागला.

पावसाळ्यात वही भरभर भरते. हिंदमाताच्या पाण्यातून आली की एबीएसच्या सेन्सरचा कोड. दोन दिवस वाळू द्यायची, पुन्हा आला तरच पैसे खर्च करायचे. एकदम पाचसहा कोड, त्यात यू नं सुरू होणारे, म्हणजे कॉम्प्युटरांचा आपसातला संवाद तुटलेला, असं दिसलं की आधी बॅटरीचं व्होल्टेज बघायचं. तीनदा बॅटरीच निघाली. पीयूसीला गेलं की तिथला मुलगा सायलेन्सरात नळी घालून धूर मोजतो, कोडबिड कोणी विचारत नाही. माझी वही बघून तो हसला होता.

काकांनी आता फोनमधलं जुनं ॲप काढून टाकलंय. त्यांची स्वतःची एक ओळ वहीत असते, कोडच्या शेजारी: 'ब्रेक ठीक', 'चढावर खोकते', 'वास येतो'. विक्रोळीचे मेकॅनिक आधी तीच वाचतात.

स्कॅनरच्या अपडेटची मुदत पुढच्या महिन्यात संपतेय. चाचांनी दरम्यान सीएनजी टेम्पो घेतलाय आणि ते म्हणतात, माझा हिस्सा कशाला? भाऊ म्हणतात, मेहुण्याचा ट्रक आहे ना, मग भरा. मी दोघांना रविवारी चहाला बोलावलंय.