राखेखाली शेण लाल होतं

मी सिंधुदुर्गात वनरक्षक आहे. 15 फेब्रुवारी ते 15 जून आमचा आगीचा सीझन, त्यात मार्च सगळ्यात वाईट कारण तेव्हा भाजावळी सुरू होतात आणि काजूही ऐन भरात असतो.

भाजावळ ज्यांनी बघितली नाही त्यांच्यासाठी सांगतो. तरवा, म्हणजे भाताची रोपं, टाकायच्या शेताच्या कोपऱ्यात खाली शेण, त्यावर कवळं म्हणजे तोडलेल्या डहाळ्या, मग पातेरा म्हणजे सुका पाला आणि वर मातीचा पातळ थर. जाणता माणूस वारा जिकडे चाललाय त्या टोकाला काडी लावतो, म्हणजे आग वाऱ्याच्या उलट हळूहळू सरकते, ज्वाळा न उठता जमीन भाजत जाते. हे कसब आहे, आणि आमच्यातलेच काही जण त्याला सरसकट जाळपोळ म्हणतात तेव्हा मला खरंच राग येतो.

त्या दिवशी दुपारी अडीचला फोन आला. त्याआधी आगीचा व्हिडिओ ग्रुपवर फिरून झालेला, पण 1926 ला, वनखात्याच्या हेल्पलाइनला, फोन करावा असं कुणालाच वाटलं नाही. पोचलो तर आग गडगा, म्हणजे दगडी कुंपण, ओलांडून शेजाऱ्याच्या काजूत शिरलेली, गुडघाभर सुकं गवत आणि त्याच्या वर लगेच आमचं राखीव जंगल. ब्लोअर एकच, तो घेऊन मी पुढे पातेरा उडवत पट्टा मोकळा करत होतो आणि पोरं मागे ओल्या डहाळ्यांनी आग मारत होती. डहाळी आपटायची नसते, दाबून धरायची, आपटली की ठिणग्या उडून मागचं गवत पेटतं, हे दरवर्षी नव्याने सांगावं लागतं. आग विझायला सहा वाजले. शेजाऱ्याचे बावीस काजू गेले, जंगलही थोडं जळलं.

मग मागावर उलटा गेलो तो एका आजींच्या कोपऱ्यात पोचलो. राख पांढरी, वरून गार. काठी खुपसली तर वीतभर खाली शेण लाल. दुपारचा खारा वारा सुटला आणि त्याने वरची राख उडवली, एवढंच झालं होतं.

आजी म्हणाल्या, "मिया सकाळीच भाजलंय, तुमीच सांगलास मां."

मीच सांगितलं होतं. जानेवारीत ग्रामसभेत उभा राहून नऊच्या आत भाजा, तेव्हा वारा नसतो, म्हटलं. वन कायद्याचं कलम 26 वाचून दाखवलं, राखीव जंगलाला धोका होईल अशी आग लावणं किंवा पेटती सोडून जाणं गुन्हा आहे म्हणून. पण शेण संध्याकाळपर्यंत आत धुमसतं, चारी कडांनी पाणी मारून, राख उकरून, हात लावून बघेपर्यंत जागा सोडायची नाही, हे बोललोच नाही. गावातल्या माणसाला हे माहीत असणारच असं धरून चाललो. पण पूर्वी कोपऱ्यावर घरातली चार माणसं असायची, आता मुलगे मुंबईला आणि आजी एकट्या.

पंचनाम्यात कारणाच्या रकान्यात बहुतेक जण 'अज्ञात' लिहून मोकळे होतात. मी 'भाजावळीची राख' लिहिलं. नावाची जागा अजून कोरी आहे, आणि काजूवाला रोज विचारतोय.