अँटिग्वा ग्वाटेमाला: कमानीकडे पाठ करून काढलेले फोटो

अँटिग्वा म्हटलं की आपल्याकडच्या माणसाला आधी व्हिव्ह रिचर्ड्स आठवतो. ते कॅरिबियनमधलं बेट. हे अँटिग्वा मध्य अमेरिकेतल्या ग्वाटेमाला देशात आहे: तीन ज्वालामुखींच्या मध्ये, महाबळेश्वरपेक्षाही थोडं उंचावर वसलेलं, दगडी रस्त्यांचं गाव. तिकीट काढताना हा फरक डोक्यात ठेवा. विमान राजधानी ग्वाटेमाला सिटीच्या ला औरोरा विमानतळावर उतरतं आणि तिथून अँटिग्वा चाळीसेक किलोमीटर. अंतर कमी वाटतं, पण राजधानीतल्या वाहतुकीत कधी तास जातो, कधी दोन-अडीच. विमानतळावरून सीट धरून जाणाऱ्या शटल व्हॅन मिळतात. रात्री उशिरा उतरणार असाल तर हॉटेललाच गाडी पाठवायला सांगा.

भारतीय पासपोर्टवाल्यांनी व्हिसाबद्दल दिल्लीतल्या ग्वाटेमालाच्या वकिलातीलाच विचारावं, प्रवास कंपनीच्या भरवशावर राहू नये. अमेरिकेत विमान बदलायचं असेल तर तिथला व्हिसा लागतो, हे घरातल्या ज्येष्ठांची तिकिटं काढताना हमखास विसरलं जातं.

आता गावाबद्दल. स्पॅनिश लोकांची आधीची राजधानी १५४१ साली आगुआ ज्वालामुखीच्या उतारावरून आलेल्या चिखलपाण्याच्या लोंढ्यात गेली, म्हणून १५४३ मध्ये ती पांचोय खोऱ्यात हलवली. तीच ही अँटिग्वा. सव्वादोनशेहून अधिक वर्षं मध्य अमेरिकेचा कारभार इथून चालला. मग २९ जुलै १७७३ रोजी सांता मार्ताचा भूकंप झाला, सरकारनं १७७६ मध्ये राजधानी पुन्हा हलवली आणि गाव सोडायचे हुकूम निघाले. काही लोक गेलेच नाहीत. पडक्या चर्चच्या सावलीत त्यांनी संसार चालू ठेवला आणि आज आपण ज्याचे फोटो काढतो ते गाव त्या हट्टातून उरलेलं आहे. १९७९ साली युनेस्कोनं त्याला जागतिक वारसा ठरवलं. घरं बहुतेक एकमजली, भिंती जाडजूड. दुकानांच्या पाट्यांवर कडक नियम आहेत, त्यामुळे जगभरच्या बर्गरवाल्यांनाही इथं मान खाली घालून राहावं लागतं. फोटो काढणाऱ्याला याचा केवढा फायदा होतो, ते आपल्या कुठल्याही वारसा गावातल्या फ्लेक्सच्या गर्दीत उभं राहिलं की कळतं.

रस्ते पाटावर आखल्यासारखे सरळ. आवेनीदा उत्तर-दक्षिण, काये पूर्व-पश्चिम, आणि सगळ्यांना आकडे. हे नकाशासाठी सांगत नाही, उजेडासाठी सांगतोय. सकाळी आवेनीदांच्या पश्चिमेकडच्या भिंती उजळतात, दुपारनंतर पूर्वेकडच्या. संध्याकाळी काये धरून पश्चिमेकडे तोंड केलं की सूर्य थेट रस्त्याच्या टोकाला येतो; दगड चमकतात आणि समोरून येणाऱ्या माणसांच्या नुसत्या आकृत्या दिसतात. कॅथेड्रल हे पार्क सेंट्राल या गावातल्या मुख्य चौकाच्या पूर्वेला, तोंड पश्चिमेला, म्हणून त्याचा फोटो दुपारी चारनंतर. अक्षांश गोव्याच्याही जरा दक्षिणेचा, त्यामुळे अकरा ते तीन ऊन डोक्यावर उभं असतं. त्या वेळात कॅमेरा पिशवीत घालून जेवावं, नाहीतर मठांचे अवशेष बघावेत.

अवशेषांपैकी एकच बघायचं असेल तर कापुचिनास. १७३६ सालचा हा जोगिणींचा मठ. त्यात एक गोलाकार इमारत आहे: मधे चौक आणि भोवती अठरा कोठड्या. भर दुपारी वरून पडणारा उजेड इथं वाया जात नाही, उलट कोठडीच्या दारातून तो आतवर येतो. परदेशी माणसाला तिकीट स्थानिकापेक्षा बरंच जास्त आहे. आपल्याकडे अजिंठ्यालाही तेच आहे, तेव्हा कुरकुर न करता द्यावं.

सांता कातालीनाच्या पिवळ्या कमानीचा फोटो तुम्ही काढणारच, त्यात काही गैर नाही. सतराव्या शतकाच्या शेवटी ती बांधली, ती जोगिणींना कुणाच्या नजरेला न पडता रस्त्याच्या पलीकडे जाता यावं म्हणून. आता गावात सगळ्यात जास्त नजरा तिच्यावरच असतात. ला मेर्सेद चर्चच्या बाजूला उभं राहून दक्षिणेकडे बघा, कमानीतून आगुआ ज्वालामुखी दिसतो. पण उजाडताना जा. नऊ-दहा वाजले की ढग डोंगर खाऊन टाकतात आणि सेल्फीवाले उरलेली जागा. पावसाळा मे ते ऑक्टोबर. त्यातही सकाळ बहुधा कोरडी असते आणि पाऊस दुपारी येतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी आकाश मोकळं, पण पहाटे स्वेटर लागतो.

एकदा कमान झाली की तिच्याकडे पाठ करा. खरं गाव पार्क ला युनियॉनच्या टोकाला, कमानींखालच्या सार्वजनिक धुण्याच्या हौदावर सापडतं. हा तांके दे ला युनियॉन १८५३ चा. मधे पाण्याचा लांबलचक हौद आणि त्याला लागून ओळीनं दगडी धोण्या, प्रत्येकीचा तळ तिरका. हौदात कपडा बुडवायचा नाही, हा इथला अलिखित कायदा. प्लॅस्टिकच्या वाडग्यानं पाणी उपसायचं, आपल्या धोणीत ओतायचं, साबण लावायचा, घासायचं, खळबळायचं, पिळायचं आणि टोपलीत टाकायचं. आम्ही गेलो तेव्हा एक बाई धुणं सोडून नातवाच्या गणवेशाची कॉलर तेवढी वेगळी घासत होत्या: अंगठ्याच्या नखानं शिवणीतला मळ काढायचा, उजेडाकडे धरून बघायचं, पुन्हा साबण. घरोघरी नळ आले तसा हौद ओस पडत चाललाय, आता सकाळी मोजक्याच बायका येतात. कॅमेरा लगेच काढू नका. बाजूच्या कट्ट्यावर बसा, ‘बुएनोस दीआस’ म्हणा, थोडा वेळ जाऊ द्या. मग ‘पुएदो तोमार ऊना फोतो?’ म्हणजे ‘एक फोटो काढू का?’ त्या बाईंनी मान हलवून नाही म्हटलं, पण हात चालतील म्हणून खुणावलं. माझ्याकडचा अँटिग्वातला सगळ्यात चांगला फोटो त्या हातांचा आहे.

विचारून फोटो काढायचा हा नुसता शिष्टाचार नव्हे. इथल्या मूळच्या माया लोकांच्या गावांत, विशेषतः लहान मुलांच्या बाबतीत, हा गंभीर मामला आहे. २००० साली वायव्येकडच्या तोदोस सांतोस गावात मुलं पळवणारे आल्याच्या अफवेवरून जमावानं एका जपानी पर्यटकाला आणि त्यांच्या बसच्या चालकाला ठार मारलं. धुळ्याच्या राईनपाड्याची २०१८ ची बातमी ज्यांनी वाचली आहे त्यांना अफवा काय करते हे वेगळं सांगायला नको. अँटिग्वात पर्यटकांची सवय आहे, असा प्रसंग येणार नाही. तरी मुलांचे फोटो आईवडिलांना विचारल्याशिवाय काढूच नयेत. डोक्यावर कापडांचा गठ्ठा घेऊन फिरणाऱ्या विक्रेत्या बायका फोटोचे पैसे मागतात. काहींना ते खटकतं. मला नाही खटकत. उभं राहायचे पैसे मॉडेल घेतेच की. पण असा फोटो बहुतेक वेळा ताठ, बेजान येतो. त्यापेक्षा काहीतरी विकत घ्या, बोला, आणि मग बघा.

कापडात रस असेल तर बाजारामागच्या बसतळावरून सान आंतोनिओ आगुआस कालियेंतेसची बस धरा. ही बस म्हणजे अमेरिकेतून बाद होऊन आलेली शाळेची गाडी, लाल-हिरव्या रंगात न्हालेली, क्रोमनं मढवलेली. ‘कामियोनेता’ म्हणायचं. एका बाकड्यावर तिघं बसतात आणि पैसे घ्यायला पोऱ्या माणसांवरून वाट काढत येतो, सुट्टे जवळ ठेवा. बॅकपॅक पोटाशी. या गावात काक्चिकेल माया बायका कमरेला पट्टा बांधून मागावर विणतात. एक टोक खांबाला, दुसरं विणणारीच्या कंबरेला. ताण हवा तेवढा स्वतःच्या अंगानं द्यायचा. बायकोनं पहिली गोष्ट केली ती म्हणजे ‘ह्विपिल’ म्हणजे त्यांचा ब्लाऊज उलटा करून पाठ बघितली, दुकानात पैठणीचे काठ उलटून बघतात तशी. पक्षी, फुलं दोन्हीकडून सारखीच. विणणाऱ्या बाई हसल्या, कारण खरा गिऱ्हाईक कोण हे त्यांनाही यावरूनच कळतं. एका ह्विपिलला महिने लागतात. घासाघीस करताना तेवढं लक्षात असू द्या.

खाण्याचं. सकाळ-दुपार-संध्याकाळ टपऱ्यांवर बायका तोर्तिया थापत असतात. मका चुन्याच्या पाण्यात शिजवून दळलेला असतो, पीठ दोन्ही तळव्यांमध्ये टपटप थापून तव्यावर जातं. आवाजावरूनच टपरी सापडते. शाकाहारी माणसाचं काळ्या घेवड्याची उसळ, अव्होकाडो, तळलेली केळी आणि तोर्तिया यांवर मजेत भागतं, फक्त घेवड्यात डुकराची चरबी असू शकते. ‘सिन कार्ने, सिन मान्तेका’ पाठ करून ठेवा. रेयेनितोस म्हणजे पिकल्या केळ्याच्या लगद्यात गोड घेवडा भरून तळलेले गोळे. ला मेर्सेदसमोरच्या गाड्यांवर मिळतात, सोबत मक्याचं गरम आतोल घ्या. मांसाहाऱ्यांनी पेपियान, म्हणजे इथला मांसाचा दाट रस्सा, सोडू नये. नळाचं पाणी पिऊ नका.

फोटोंचं वेड असेल तर एक गोष्ट मुद्दाम सांगतो. १८७५ मध्ये एडवर्ड मायब्रिज, पळत्या घोड्याच्या फोटोंमुळे पुढे नाव झालेला, इथं येऊन पडकी चर्च आणि कॉफीचे मळे टिपून गेला. पण गावाचा खरा फोटोग्राफर जपानी होता. १८७४ साली शुक्राचं अधिक्रमण बघायला जपानला गेलेल्या मेक्सिकन खगोलपथकाबरोबर तो मेक्सिकोला आला, तिथून ग्वाटेमालात, बाप्तिस्मा घेऊन हुआन होसे दे हेसुस यास झाला आणि पुढे अँटिग्वात स्टुडिओ थाटला. पाद्री, नवरानवरी, पहिल्या कम्युनियनचे पोशाख घातलेली मुलं, सगळं गाव त्याच्या काचेच्या निगेटिव्हांवर उतरलं. तो संग्रह आज गावातल्याच सिर्मा या संशोधन संस्थेच्या फोतोतेकात, म्हणजे फोटोंच्या संग्रहालयात, आहे. बघायचा तर आधी कळवून जा.

पवित्र सप्ताहात, म्हणजे ईस्टरच्या आधी, जायचं असेल तर खोली कित्येक महिने आधी धरा, भावही तिप्पट धरून चाला. रात्रभर लोक आपापल्या दारासमोर रंगवलेल्या लाकडी भुशाचे गालिचे घालतात. रस्त्यावर आडव्या टाकलेल्या फळ्यांवर ओणवं होऊन चाळणीनं रंग भुरभुरवायचा, सुकू नये म्हणून मधूनमधून पाणी शिंपडायचं. मिरवणूक त्यावरून चालत जाते, आणि तिच्या मागोमाग नगरपालिकेची माणसं फावडी घेऊन रस्ता साफ करतात. सगळे कॅमेरे पुढच्या मखराकडे लागलेले असतात, तुम्ही जरा मागे थांबा. मखर वाहणारे खांदेकरी गुड फ्रायडेच्या दुपारपर्यंत जांभळ्या झग्यात, ख्रिस्ताच्या मृत्यूच्या वेळेनंतर काळ्या. गर्दी नको असेल तर चाळीस दिवसांच्या उपासकाळातले रविवारही चालतील, तेव्हाही मिरवणुका असतात.

रात्री गच्चीवरून फुएगो ज्वालामुखी बघा. जागा असेल तेव्हा तो थोड्या थोड्या वेळानं लाल ठिणग्या उडवतो. छोटा ट्रायपॉड, दहा-पंधरा सेकंदांचं एक्स्पोजर, फोकस हातानं अनंतावर. मौजेची गोष्ट वाटते, पण ३ जून २०१८ ला याच डोंगरानं सान मिगेल लॉस लॉतेस हे गाव गाडलं. शेजारच्या आकातेनांगोवर मुक्कामी चढाई करणार असाल तर त्या दिवशीची सरकारी सूचना वाचल्याशिवाय निघू नका. ३९७६ मीटरवर थंडी आणि दम दोन्ही लागतात.

किरकोळ गोष्टी: पैसे केत्साल, रोख बरी. वीज १२० व्होल्ट, अमेरिकन चपट्या पिनांचा अडॅप्टर न्या. टाचांच्या चपला नकोत, दगड घोटा मुरगळतात. कामापुरती स्पॅनिश शिकायची तर इथं एकास एक शिकवणाऱ्या शाळा भरपूर आहेत, आठवडाभर घेतली तरी बाजारात फरक पडतो. आणि परतीला विमान दुपारचं असलं तरी पहाटेच निघा, राजधानीलगतच्या मिक्स्कोच्या उतारावरची गाड्यांची रांग कुणासाठी थांबत नाही.